तीन प्रती, सोमवारी पाचच्या आत

पावणेपाच वाजले, तसं रावजी साळव्यांनी मनगटावरचं घड्याळ भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं. दोन्ही बरोबर होती, आणि त्याचं त्यांना आयुष्यात प्रथमच वाईट वाटलं.

बांधकाम कचेरीच्या सूचना कोणत्या वृत्तपत्रात छापायच्या, त्याची यादी रावजींच्या ताब्यात असे. यादीबाहेरच्या पत्रात साध्या खडीचं टेंडरसुद्धा द्यायला मनाई. आणि यादीत राहायचं, तर दर सोमवारी पाचच्या आत ताज्या अंकाच्या तीन प्रती हातोहात जमा करायच्या. उशीर झाला तर लेखी खुलासा, आणि सोमवार चुकलाच तर नाव कमी. रत्नागिरीतलं एकच पत्र यादीत उरलं होतं, साप्ताहिक ‘किनारावार्ता’. ते जगत होतं या टेंडरांवर, आणि त्याचे संपादक बाबूराव शनिवारी वारले होते.

अठरा वर्षं रावजींनी बाबूरावांना पाचच्या काट्यावर नाचवलं होतं. एकदा तीन मिनिटं उशीर झाला, म्हणून लेखी खुलासा घेतला. बाबूरावांनी तो पुढच्या अंकात पहिल्या पानावर छापला, आणि तेव्हापासून सगळा मांडवी भाग रावजींना ‘पाचवाले’ म्हणू लागला. आता त्याच माणसाच्या पत्राचं नाव आपल्या हाताने खोडायचं, या विचाराने त्यांना दुपारचा डबा गेला नव्हता.

“माणूसच गेलाय वो, अंक कोन आननार?” शिपाई धाकू म्हणाला. “खोडा नि चला घरी.”

रावजींनी लाल पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. पाचाला पाच कमी असताना दारात गोदावहिनी उभ्या राहिल्या, बाबूरावांच्या पत्नी. बोटं शाईने काळी. छापखान्यात खिळे जुळवायचं काम पहिल्यापासून त्याच करत. बाबूराव नुसते लिहीत आणि भांडत. सुतकात मशीन चालवू नका म्हणून नातेवाइकांनी बजावलं होतं, तर वहिनींनी आतून कडी घालून घेतली होती.

“शिवू नका, भावोजी. इथं उंबऱ्यावर ठेवते.”

उंबऱ्यावर ठेवलेलं जमा धरता येत नव्हतं. नियमात ‘हातोहात’ होतं. रावजी खुर्चीतून उठले. बाबूरावांसाठी ते कधी उठले नव्हते. दारापर्यंत जाऊन त्यांनी वहिनींच्या हातातून प्रती घेतल्या.

“घरी जाऊन आंघोळ करीन,” ते म्हणाले.

अंक म्हणजे एकच कागद होता, मागची बाजू कोरी. रावजींनी नियम तीनदा वाचले. पानं किती असावीत, हे कुठेच नव्हतं. नियमात काही नसल्याचा त्यांना एवढा आनंद कधी झाला नव्हता. त्यांनी शिक्का मारला, वेळ घातली चार सत्तावन्न, आणि पोच वहिनींना नेऊन दिली.

“पुढच्या सोमवारी पाचच्या आत,” ते नेहमीच्या आवाजात म्हणाले.

“साडेचारलाच येईन. हेही तेव्हाच यायचे. तुमची गंमत बघायला पाच वाजत येईपर्यंत बाहेर फणसाखाली थांबून राहायचे.”

वहिनी गेल्यावर रावजींनी अंक वाचला. संगमेश्वरकडच्या ओढ्यावरच्या साकवाचं टेंडर, चौदाच्या चौदा अटींसकट, एक अक्षर न गाळता. सगळं पान त्यातच गेलं होतं. तळाशी दोन ओळी होत्या:

‘आमचे संपादक शनिवारी वारले.
जागेअभावी सविस्तर वृत्त पुढील अंकी.’

फाइलीला सूचनेपुरतंच कात्रण लावायचं, असा नियम होता. रावजींनी कात्री घेतली, चौदावी अट संपली तिथे जरा थांबले, आणि त्या दोन ओळीही आत घेऊन त्यांच्या खालून कापलं.