दोरीवरचं कबूतर

मी कबूतर बोलतोय. छपरावर घुमणारं राखाडी कबूतर मात्र डोळ्यांपुढे आणू नका. माझी पाठ पिकल्या चिंचेसारखी तांबूस, मान आणि छाती हिरवी-निळी, चोच लालभडक, टोकाला पिवळी. सामोआच्या ज्या लहानशा बेटावर मी जन्मलो, तिथे आमचा थवा उडाला की माणसं हातातलं काम सोडून वर बघत. या रंगांचा मला भारी तोरा होता. आता त्यांच्याविषयी बोलायचीही लाज वाटते, कारण ते दाखवूनच मी माझ्या भाऊबंदांचा घात केला.

आमच्या जातीत मादी वर्षाला एकच अंडं घालते. माझ्या आईचं त्या वर्षीचं अंडं म्हणजे मी. पुरते पंखही फुटले नव्हते, तेव्हा गावातला माताउ रानजायफळाच्या झाडावर चढला आणि मला घरट्यातून उचलून घेऊन आला. उकडलेला अळूचा कंद तो आधी स्वतः चावायचा आणि मग ओठांनी माझ्या चोचीत भरवायचा.

"मला कधी असा घास भरवलास का रे?" त्याची बायको लांगी विचारायची.

"तुला पंख फुटू देत, मग भरवतो."

"पंख फुटल्यावर मी इथे थांबेन होय?"

मी मात्र थांबलो. माताउने माझ्या पायाला लांब दोरी बांधली आणि मला शिकवलं. दोरीला झटका बसला की वर उडायचं, घिरट्या घालायच्या, ओढ लागली की हळूहळू उतरून काठीवर बसायचं. उतरल्यावर घास ठरलेला.

फळं पिकली की गावातले मोठे लोक रानातल्या दगडी चौथऱ्यावर जमत. भोवती पानांच्या खोपी, प्रत्येक खोपीत एक माणूस, एक शिकवलेलं कबूतर आणि उंच बांबूच्या टोकाला जाळी. आम्ही घिरट्या घालायचो. रानातल्या कबुतरांना वाटायचं, इथे फळांची चंगळ दिसते. ती जवळ आली की जाळ्या फिरायच्या. ज्याची दहा आधी होतील तो जिंकला, मग हरलेल्यांनी त्याच्यासाठी जेवणाची भट्टी लावायची. माताउ दरवर्षी जिंकायचा. बेटावर माझं नाव झालं होतं.

मला कळत नव्हतं असं नाही. जाळीत फडफडणाऱ्या एका पिल्लाने एकदा माझ्याकडे पाहिलं. अजून त्याच्या चोचीचा लाल रंग पक्का झाला नव्हता. मी मान फिरवली, कारण माताउच्या ओठांवर घास तयार होता.

दोरीने बांधलेला बिचारा काय करणार, असं म्हणून मला माफ करू नका. एकदा गाठ सुटली होती. अर्धा दिवस मी झाडावर माझ्या भाऊबंदांत बसलो. त्यांनी मला सरकून जागाही दिली. दुपारी भूक लागली आणि मी आपणहून परत आलो.

मग गलबतांतून मांजरं आली, उंदीर आले, ते घरट्यांपर्यंत चढू लागले. खोबऱ्यासाठी डोंगरउतार साफ करून माड लावले. कुणाकुणाच्या हाती बंदुका आल्या. चौथऱ्यावर दहा कबुतरं होईनात, मग पाच होईनात. तरी कुणी घाबरलं नाही. कबुतरं कमी झाली की ती खाडीपलीकडच्या मोठ्या बेटावर फळं खायला गेली, कंटाळली की परत येतील, असं आमच्याकडे सगळे धरून चालत.

"माताउ, तुझं कबूतर म्हातारं झालं," मुखिया तौआसा चिडवायचा. "पोरींना हाक मारता मारताच त्याला डुलकी लागते."

सगळे हसायचे, माताउही हसायचा. पण पुढे तो एकटाच रानात जाऊ लागला. जायफळं कुणी न खाल्ल्यामुळे झाडाखाली सडत पडली होती. तीन वर्षांत त्याला एकच कबूतर दिसलं, एक मादी.

"पलीकडे कुणी गेलेलं नाही," तो लांगीला म्हणाला. "ती एकटीच उरलीय. आणि हा."

"मग याला सोड की तिच्याकडे. संसार करू देत."

"मुखियाच्या पोरीचं लग्न तेवढं होऊ दे. पलीकडचे पाहुणे येणार, पानावर कबूतर पाहिजे म्हणतो. मी नाही गेलो तर अपमान समजेल. जाईन, पण याला उडवणार नाही. मग लगेच सोडतो."

त्या सकाळी खोपीत त्याने माझ्या डोक्यावर हनुवटी टेकली. "आज बसून राहायचं, बाळा. दोरी मी हलवणार नाही."

"उडव ना रे," शेजारच्या खोपीतून तौआसा म्हणाला.

"पंख दुखावलाय त्याचा."

इतक्यात ती आली. उंच फांदीवर बसून तिने हाक दिली. तीन वर्षांत माझ्या जातीचा आवाज मी ऐकला नव्हता. मी उडालो. दोरी हललीच नव्हती, मीच उडालो. घिरट्या घालायची सवय होती की तिच्या जवळ जायची ओढ, हे मी स्वतःला रोज विचारतो आणि दोन्ही उत्तरांची मला शरम वाटते.

ती माझ्या शेजारी येऊन उडू लागली. दोन फेऱ्या आम्ही बरोबर घातल्या. माताउ घाबरला आणि मला दूर न्यायला त्याने दोरी ओढली. ओढ लागली की उतरायचं, एवढंच मला येत होतं. मी उतरलो, माझ्यामागे ती उतरली आणि तौआसाची जाळी फिरली.

लग्नात पानावर ती वाढली गेली. पाहुण्यांतल्या सगळ्यात वयस्कर माणसाने बोटं चाटली.

"म्हणजे अजून आहेत तर तुमच्याकडे," तो खुशीत म्हणाला. "आमच्याकडे एकही दिसत नाही हो. आम्ही म्हणतोच, सगळी इकडे फळं खायला आली असणार."

तौआसाचा घास हातातच राहिला. त्याने समोर बसलेल्या माताउकडे पाहिलं. माताउ खाली मान घालून बसला होता आणि आपल्या पानाला त्याने हात लावला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्याने माझी दोरी कापली. "मी ओढायला नको होतं," असं तो लांगीला पुन्हा पुन्हा सांगतो. आधी मी उडालो होतो, हे मला त्याला सांगता येत नाही. तो अजून अळू चावून माझ्यापुढे धरतो. मी खातो, याचंच मला सगळ्यात वाईट वाटतं.

आता मी रानात हवा तिथे जातो. सडलेल्या जायफळांवरून उडतो आणि फांदीवर बसलो की नकळत गळ्यातून हाक निघते. ती मला थांबवता येत नाही. म्हणून एवढंच मागतो. या बेटावर, पलीकडे, कुठल्याही झाडावर, भाऊबंदांनो, तुमच्यातलं एखादं जरी उरलं असेल, तर माझी हाक ऐकून येऊ नका.