पाच हजार चाळीसला एक लिटर कमी पडला

मी एक जुना आकडा आहे, मित्रांनो. पाच हजार चाळीस. आष्टीजवळच्या एका गावात दूध सोसायटीच्या लोखंडी टाकीवर राधाकिशन पेंटरने मला निळ्या रंगात लिहिलं: ५०४० लिटर.

थोडी फुशारकी मारू द्या. मी सम आहे, संयुक्त आहे. एकपासून दहापर्यंत कुणीही या, मला भाग जातो, बाकी शून्य. असे माझे तब्बल साठ विभाजक! माझ्याहून लहान असलेल्या एकाही संख्येला एवढे नाहीत. शेजारचा ५०३९ मात्र मूळ संख्या. एक आणि स्वतः सोडून तो कुणालाच दारात उभं करत नाही.

२०१३ च्या दुष्काळात चारा संपला, दूध आटलं आणि माझ्या टाकीत टँकरचं पाणी आलं. गावात घरं सत्तर. रोज घरटी बहात्तर लिटर, सोसायटीच्या एक लिटरच्या मापानं. भांडणं नकोत म्हणून सगळ्यांनी देवळात शपथ घेतली होती: कुणाला थेंब कमी नाही, थेंब जास्त नाही. रांगेतली तुळजाबाई म्हणायची, "लई गुणाचा आकडा हाय गं!" मी फुलून जायचो.

मग मेंढ्या घेऊन धुळाजी आणि बायडाबाई गावात राहायला आले. एकाहत्तरावं घर. सोसायटीचे सेक्रेटरी शहादेव यांनी भागाकार केला आणि हात वर केले.

"एकाहत्तर घरांला एकाहत्तर लिटर म्हंजे पाच हजार एक्केचाळीस. एक लिटर कमी पडतंय. भाग जात न्हाई, बाई."

आयुष्यात पहिल्यांदा मला स्वतःची लाज वाटली. अहो, मी ५०४१ असतो तर काय बिघडलं असतं! तीन दिवस बायडाबाई रिकामी घागर घेऊन परत गेली. चौथ्या दिवशी ती हटली नाही.

"सत्तर-सत्तर द्या की समद्यांला."

"मंग सत्तर लिटर उरतंय. ते कुणाचं? त्याच्यावरून डोकी फुटतील."

"कावून फुटतील? देवळामागचा हौद कोरडा पडलाय. मुक्या जनावरांचं बी एक घर धरा."

मग तुळजाबाईनं आपली घागर पुढं केली. "आमचं दोन लिटर आधी कमी करा."

बहात्तर घरं, सत्तर लिटर. बाकी शून्य! माझेच दोन विभाजक, फक्त जागा बदलून बसले. त्या दिवशी बायडाबाईची घागर भरली आणि हौदावर गावची गुरं, तिची मेंढरं शेजारी-शेजारी पाणी प्यायली.

आता नळ आले. टाकी गंजत पडली आहे. माझं शेवटचं शून्य गळून गेलं, लोक मला पाचशे चार वाचतात. वाईट वाटतं हो. जमलं तर त्या जागी जरा रंग मारा.

पण मित्रांनो, एवढं करून बघा. पाचशे चारला सत्तरनं भाग जात नाही. बायडाबाईला आणि हौदाला धरा, म्हणजे बहात्तर होतात. अजूनही प्रत्येकाला सात-सात लिटर येतात.