शेवटचा अंबाडा

बाविसावं लागलं तरी मित्सुयूच्या मानेवर शिकाऊ गेइशेची लाल गळपट्टीच होती.

"आई, या वसंतात तरी गेइशेची पांढरी द्या." घराच्या मालकीणबाईंना, ओतामाबाईंना, सगळ्या पोरी आईच म्हणत.

"चेहरा कोवळा आहे गं तुझा अजून. पाहुण्यांना बाहुली आवडते. पुढच्या वर्षी बघू."

"मागच्या वर्षीही हेच म्हणाला होतात."

"तोंड वर करून बोलतेस? शिकाऊ आहेस, शिकाऊसारखी राहा!"

मित्सुयूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्या बरोबरीची चियोमारू दोन वर्षांपूर्वीच गेइशा झाली. ती घरी आली की केसांचा टोप काढून खुंटाळ्यावर ठेवते, मोकळ्या केसांनी झोपते. बैठकीत तीन तारांचं शामिसेन छेडते, तेव्हा पुरुष गप्प बसून ऐकतात. आणि मित्सुयू? स्वतःच्या केसांचा अंबाडा मोडू नये म्हणून सात वर्षं लाकडी उशीवर मान ठेवून झोपलेली. शामिसेन तिलाही चियोमारूइतकंच येत होतं; पण बाहुलीने नाचायचं, मद्य ओतायचं आणि हसायचं.

अर्धी वीत उंच खडावा आपटत ती तडक इसोगाईकाकांच्या दुकानात गेली. क्योतोच्या त्या गल्लीतल्या तीन पिढ्यांचे अंबाडे त्यांनीच बांधले होते.

"काका, शेवटचा अंबाडा बांधा."

काकांचा फणीवाला हात थांबला. हा अंबाडा मुलगी आयुष्यात एकदाच बांधते, गेइशा होण्याआधीचे दोन आठवडे. मग घरची माणसं कात्रीने त्याची गाठ कापतात.

"ओतामाबाईंचा निरोप नाही आला."

"मी आणलाय ना!"

काकांनी तिचे केस सोडले. टाळूवर नाण्याएवढं टक्कल पडलं होतं, केस ओढून ओढून. त्यांनी ते पाहिलं, आणि मेणाची डबी उघडली.

परतताना तोफूवाली ओरडली, "अगं बाई, झाली की गेइशा! अभिनंदन गं!" चहाघराच्या मालकीणबाई बाहेर आल्या, शेजारणी आल्या. दारात पोचेपर्यंत निम्मी गल्ली मागे होती.

ओतामाबाईंचा चेहरा पांढराफटक पडला.

"किती गुपित ठेवलंत हो!" चहाघरवाल्या म्हणाल्या.

गल्लीने पाहिलेला तो अंबाडा आता सोडवणार कोण? ओतामाबाई कमरेत वाकल्या, हसल्या, सगळ्यांचे आभार मानले. दार लागताच दात आवळून म्हणाल्या, "कात्री मीच चालवणार, लक्षात ठेव."

"चालवा. फक्त धार लावून ठेवा," मित्सुयू म्हणाली, आणि भिंतीवरचं शामिसेन काढून तारा जुळवायला बसली.