‘ब’ बाटली

व्याख्याते शांतवन घाटगे सांगलीत आले की त्यांचं सामान मुलींच्या शाळेच्या प्रयोगशाळेत उतरत असे. पत्र्याची काळी ट्रंक, घडीचा फळा, पुठ्ठ्याच्या नळीत गुंडाळलेले नकाशे आणि एका लाकडी खोक्यात दोन बाटल्या. वर्षातले आठ महिने हा माणूस एस.टी.नं सातारा, कोरेगाव, कराड, तासगाव करत फिरे. सकाळी मंडळीला पवित्र शास्त्राचा अभ्यास, संध्याकाळी ‘मुलग्यांचे शिक्षण’ या विषयावर व्याख्यान. आवाज असा खणखणीत की चर्चबाहेर सायकल लावणाऱ्याचाही एक शब्द चुकू नये.

बाटल्या यमीमा सनदीनं दिलेल्या होत्या. यमीमा त्या शाळेतली विज्ञानाची एकुलती एक शिक्षिका. सात वर्षांपूर्वी ती नवीन असताना घाटग्यांनी विचारलं होतं, “बाई, पोरांना डोळ्यांनी पाप दिसेल असं काही करता येईल का?” तिनं तिथल्या तिथं करून दाखवलं. पाण्याच्या ग्लासात आयोडीनचे थेंब टाकले, पाणी काळपट तांबडं झालं. मग हायपो ओतला, फोटोवाले वापरतात तो, आणि पाणी पुन्हा स्वच्छ झालं. घाटगे खुर्चीवरून उठले होते. तिनं बाटल्यांवर ‘अ’ आणि ‘ब’ अशा चिठ्ठ्या डकवल्या, किती थेंबाला किती चमचे ते लिहून दिलं, आणि तेव्हापासून दर जानेवारीत बाटल्या भरून एस.टी.च्या पार्सलनं साताऱ्याला पाठवू लागली.

त्यानंतरच्या प्रत्येक व्याख्यानात घाटगे एका मुलाला पुढं बोलावत, त्याच्या हातात ग्लास देत. “हे याचं अंतःकरण.” मग थेंब पडत: हे खोटं बोलणं, ही तंबाखू, हा चोरून पाहिलेला सिनेमा. शेवटी ‘ब’ बाटली, म्हणजे प्रार्थना. हे कसं सुचलं असं कुणी विचारलं तर ते म्हणत, एका पहाटे गुडघे टेकलेले असताना सुचलं. पहिल्या वर्षी बायकांच्या बाजूला बसून हे ऐकताना यमीमाला हसू आलं होतं. पुढं आलं नाही.

१९७१ च्या फेब्रुवारीत ते आले तेव्हा त्यांच्याकडे एक ठराव होता. सांगलीच्या मुलींच्या शाळेतलं प्रयोगशाळेचं सगळं साहित्य साताऱ्याच्या मुलांच्या शाळेला द्यावं. मुलींच्या त्या खोलीत चार शिलाई यंत्रं येतील. शाळा सांगलीच्या मंडळीची, म्हणजे चर्चच्या सभासदांची, म्हणून मंडळीनं हात वर करून मान्यता द्यायची. रविवारी संध्याकाळी व्याख्यान झालं की लगेच.

रविवारी सकाळची उपासना आटोपल्यावर घाटगे प्रयोगशाळेत आले, टेबलावर खोकं ठेवलं आणि खोलीत नजर फिरवली. काचेच्या पेटीतला तराजू खिडकीपासून दूर, दगडी कट्ट्यावर होता. तो मिरजेहून आणताना यमीमानं एस.टी.त मांडीवर धरला होता आणि प्रत्येक खड्ड्याला श्वास रोखला होता. यंदा दहावीच्या नऊ मुली त्यावर वजन करायला शिकल्या होत्या. पैकी राही नावाची मुलगी पुढं विज्ञान घ्यायचंच म्हणून वडिलांशी भांडून बसली होती.

“यादी झाली का काचसामानाची?” घाटग्यांनी विचारलं.

“ठराव अजून व्हायचाय.”

“होईल की. बाई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मुलींना काय करायचंय एवढं? जखमेला आयोडीन लावता आलं म्हणजे झालं.” ते मोकळेपणानं हसले. त्यांच्या दृष्टीनं तो विनोद होता.

राग आला की यमीमाचे हात काम शोधत. तिनं खोक्यातल्या बाटल्या बाहेर काढल्या. ‘अ’मध्ये चौथा हिस्सा उरला होता. चार गावं झाली होती, बरोबर होतं. ‘ब’ मात्र गळ्यापर्यंत भरलेली होती.

“ही भरलेली कशी?”

“तासगावला संपली. मीच भरून घेतली नळावर. पाणीच तर असतं.”

सात वर्षं. सात वर्षं हा माणूस ती बाटली हातात धरून शेकडो लोकांपुढं उभा राहिला होता आणि तिच्यात काय आहे हे विचारावंसं त्याला एकदाही वाटलं नव्हतं.

“ते नुसतं पाणी नसतं,” ती म्हणाली. “मी भरून देते.”

“भरलेलीच आहे म्हणतो ना. तुमचे तपशील राहू देत. यादीचं बघा, उद्या अकराच्या गाडीनं निघायचंय मला.” त्यांनी तिच्या हातातून बाटली घेतली, खोक्यात ठेवली आणि खोकं बगलेत मारून ते गेले.

हायपोची बरणी तिच्या खांद्याच्या उंचीवर, फळीवर होती. आत खडीसाखरेसारखे खडे होते. मागं धावून जाऊन सांगायला अर्धं मिनिट पुरलं असतं. ती धावली नाही. विचारलं होतं, नको म्हणाले. आता उभं राहू दे लोकांपुढं. तिनं प्रयोगशाळेला कुलूप लावलं.

पाच वाजता चर्च भरलं होतं. अध्यक्ष म्हणून मंडळीच्या पंचांपैकी लालासाहेब बसले होते. पलटणीतून सुभेदार होऊन परतलेला माणूस, बसला तरी सावधानमध्ये. घाटगे तासभर बोलले. मुलगा हा घराचा खांब, त्याच्या हाती आज काय देता त्यावर उद्याची मंडळी उभी राहणार, साताऱ्यात दीडशे मुलगे आहेत आणि त्यांनी अजून परीक्षानळी पाहिलेली नाही. हे शेवटचं खरं होतं, आणि यमीमाला तेच जास्त झोंबलं. त्या मुलांना मिळू नये असं तिला कधीच वाटलं नव्हतं. पण द्यायचं ते दुसऱ्याच्या हातातलं काढूनच का?

मग त्यांनी एका मुलाला बोलावलं. वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या चंद्राबाईचा कृष्णात, दहा वर्षांचा, डोक्याला चपचपीत तेल. मागच्यांना दिसावं म्हणून घाटग्यांनी यंदा ग्लासाऐवजी काचेची मोठी बरणी आणली होती. कृष्णातनं ती दोन्ही हातांनी छातीशी धरली. ‘अ’ बाटली उरली होती तेवढी सगळी आत गेली. पाणी काळंकुट्ट तांबडं झालं.

“आता प्रार्थना,” घाटगे म्हणाले आणि त्यांनी ‘ब’ ओतली.

रंग थोडा उतरला, पाणी वाढल्यामुळं उतरतो तेवढाच. त्यांनी आणखी ओतली. बरणी हलवली. पाण्याचा रंग कोऱ्या चहासारखा झाला आणि तसाच राहिला. मागच्या बाकावरची पोरं खिदळली. यमीमानं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. सहा वाजून चार मिनिटं. तिला बरं वाटत होतं, अगदी मनापासून बरं वाटत होतं.

घाटग्यांनी बाटली उजेडाला धरून पाहिली. कपाळावर घाम आला होता. मग त्यांचा चेहरा हळूहळू शांत झाला, आणि ते मुलाकडं वळले.

“कृष्णात. तुझ्या मनात काही लपलेलं आहे.”

मागच्या बाकांवरून माना उंचावल्या.

“सात वर्षांत असं कधी झालं नाही. पाणी तेच, बाटली तीच. मग बदललं कोण? बोल बाळा. काय केलंस?”

“काय न्हाई जी.”

“मंडळी तुझ्यासाठी थांबलीय. खोटं बोलू नकोस.”

बरणी कलली. तांबडं पाणी काठावरून सांडून मुलाच्या पांढऱ्या सदऱ्यावर उतरलं. “गूळ खाल्ला,” तो पुटपुटला. “आयच्या डब्यातला.”

“आणखी?”

“आनी... आनी न्हाई.”

“आणखी आहे. बघ पाणी अजून तसंच आहे.”

आपल्याला जे हवं होतं ते हे नव्हतं, हे यमीमाला कळत होतं. तरी उठायचं म्हणजे सकाळचं सगळं सांगायचं, हेही कळत होतं. मुलगा आता न केलेली पापं आठवायला लागला होता. कुणाची तरी पेन्सिल. शाळेच्या आवारातल्या चिंचा. सहा वाजून दहा मिनिटांनी ती उभी राहिली.

“पोराचा काही दोष नाही,” ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण तेवढ्या शांततेत पुरला. “बाटलीत नळाचं पाणी आहे.”

“बाई, खाली बसा,” घाटगे म्हणाले.

“राही, ही किल्ली घे. हायपोची बरणी आण, वरची फळी, डावीकडून तिसरी.”

राही धावली. घाटग्यांनी लालासाहेबांकडं पाहिलं. लालासाहेब समोर बघत बसले होते. राहीनं बरणी आणली आणि बाईंकडं पाहिलं.

“तूच कर. आयोडीन किती गेलंय तुला दिसतंच आहे.”

राहीनं व्यासपीठावरच्या पेल्यातल्या पाण्यात तीन खडे टाकून ढवळले, विरघळेपर्यंत ढवळत राहिली, आणि ते पाणी कृष्णातच्या हातातल्या बरणीत ओतलं. रंग गेला. इतका चटकन गेला की पुढच्या रांगेतली म्हातारी माणसं वाकून बघायला लागली. कृष्णातनं बरणीत तोंड घालून पाहिलं. “गूळ खाल्ला त्ये खरं हाय,” तो म्हणाला, आणि चर्चमध्ये हसू फुटलं. यमीमा हसली नाही.

“म्हणजे तुम्हाला सकाळपासून माहीत होतं?” घाटग्यांनी दात आवळून विचारलं.

“हो. मी भरून देते म्हणाले होते.”

“आणि मला तोंडघशी पडू दिलंत.”

“तुम्हाला पडू दिलं, हे खरं. पण तुम्ही खाली पडताना पोराला पकडलंत.”

लालासाहेब उठले. “ठराव. साहित्य साताऱ्याला द्यावं ह्या मताची मानसं, हात वर.” पुरुषांच्या बाजूनं एकवीस हात वर झाले. “विरुद्ध?” पहिला हात चंद्राबाईचा. तव्याच्या चटक्यांनी डागलेला, कोपरात न वाकता सरळ. आजवर तिनं शेजारणीचा हात बघून हात वर केला होता. तिच्यामागून बायकांची बाजू उठली, मग काही पुरुष. साठाच्या पुढं लालासाहेबांनी मोजणं सोडून दिलं. “ठराव नामंजूर. साताऱ्याला म्हणावं, येगळी मागनी करा, आमी बी सही करू.”

बाहेर चंद्राबाई पदराच्या ओल्या टोकानं पोराचा सदरा पुसत होती. यमीमा तिच्यापुढं जाऊन उभी राहिली.

“चंद्राबाई, मला सकाळीच माहीत होतं ते पाणी आहे म्हणून. मी गप्प बसले.”

चंद्राबाईनं पुसणं थांबवलं नाही. “मग सकाळीच वरडायचं हुतं, बाई. तुमा दोघांच्या भांडनात माजं पोर कशाला हुबं केलं?”

“मी उभं केलं नाही.”

“हुबं हुतं तवा बघत बसला न्हवं?”

“सहा मिनिटं,” यमीमा म्हणाली.

“आनी म्या हात वर केला त्यो तुमच्या काचंसाठी न्हाई. माज्या लेकराला पापी म्हनला म्हून केला.” तिनं कृष्णातचा दंड धरला आणि ती वसतिगृहाकडं चालू लागली. डाग निघाला नव्हता. हायपोनं लगेच निघेल, हे यमीमाच्या ओठांवर आलं होतं, पण ती दोघं तोवर फाटकाबाहेर गेली होती.

सोमवारी पहिल्या तासाआधी तिनं हायपोचं पाणी एका शिशीत भरून, कसं लावायचं ते सांगून, राहीबरोबर वसतिगृहात पाठवलं. राही परत आली ती शिशी रिकामी घेऊन. “डाग गेला,” तिनं सांगितलं. “चंद्राबाई काही बोलल्या नाहीत.”

साडेदहाला लालासाहेब दारात आले. हातात ते लाकडी खोकं. यमीमाला बघून त्यांनी सलाम केला आणि घसा साफ केला.

“घाटगे गुरुजींचा निरोप हाय. अकराची कराडची गाडी. म्हनत्यात, झालं गेलं विसरा, बाटल्या भरून द्या. साताऱ्यात पुढल्या आठवड्याला व्याख्यान हाय.”

“काय शिकवणार आहेत?”

“त्येच की. मुलग्यांचं शिक्षण.”

यमीमानं खोकं उघडलं. दोन्ही बाटल्या रिकाम्या होत्या. तिनं त्या नळाखाली धरल्या, तीनतीनदा विसळल्या, आतून ब्रश फिरवला, चिठ्ठ्या नखानं खरवडून काढल्या. लालासाहेब घड्याळाकडं बघत उभे राहिले. मग तिनं बाटल्या कट्ट्यावरच्या लाकडी घोड्यावर, इतर बाटल्यांच्या रांगेत, निथळायला उलट्या लावल्या आणि रिकामं खोकं त्यांच्या हातात दिलं.

“खोकं त्यांचं आहे,” ती म्हणाली. “बाटल्या प्रयोगशाळेच्या आहेत. जमा झाल्या म्हणून सांगा.”