आईंसाठी मऊ ब्रश

"ह्याहून मऊ नाही का?" दीप्तीने विचारलं आणि काउंटरमागच्या अल्पेशने तोंडावरचं हसू न ढळू देता आणखी एक खोका फोडला.

घाटकोपरच्या त्या दुकानात मिक्सर, इस्त्र्या आणि केस वाळवायची यंत्रं यांच्या मधोमध एक अख्खं काचेचं कपाट दात घासायच्या ब्रशांचं होतं. विजेवर चार्ज होणारे, आपोआप फिरणारे. माणसाला स्वतःचे दात घासायलाही मशीन लागावं, असं एरवी कुणी म्हटलं असतं तर दीप्तीने त्याला वेड्यात काढलं असतं. नवऱ्यासोबत आली असती तर दोघांनी मिळून टिंगलही केली असती. आज मात्र ती एकेक ब्रश असा न्याहाळत होती, जणू मुलीसाठी स्थळ बघायला आली होती. मागे प्लॅस्टिकच्या स्टुलावर तिच्या सासूबाई, जानकीबाई, पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि जीभ पुन्हापुन्हा खालच्या ओठाच्या आत फिरवत होत्या. ते बघितलं की दीप्ती आणखी एक ब्रश मागत होती.

त्या दोघी सरळ डॉक्टर मृणालिनींच्या दवाखान्यातून इथे आल्या होत्या. खालचे पुढचे दात हलतात म्हणून जानकीबाईंना तिने बळंच नेलं होतं. डॉक्टरांनी आरसा धरून दाखवलं: हिरड्या खाली सरकल्या होत्या, दातांची पिवळी मुळं उघडी पडली होती. इथवर ठीक होतं. मग डॉक्टरांनी खालचा ओठ बाहेर ओढला आणि दिवा जवळ आणला. ओठाच्या आत, हिरडीला लागून, बोटाच्या पेराएवढा पांढरा चट्टा होता.

"आजी, तंबाखू खाता का?"

"नाय," जानकीबाई ठाम म्हणाल्या.

"नाही हो डॉक्टर," दीप्तीनेही वर पुस्ती जोडली. "आमच्या घरात कुणी सुपारीसुद्धा खात नाही."

"मग खरखरीत ब्रशने दाबून घासत असणार. त्यानेही हिरड्या उतरतात, चट्टाही पडतो. इलेक्ट्रिक ब्रश घ्या, मऊ केसांचा, जोर पडला की इशारा देणारा. पंधरा दिवसांनी बघू. चट्टा नाही उतरला तर तुकडा काढून तपासायला पाठवू."

"कशासाठी तपासायला?" दीप्तीने विचारलं. उत्तर तिला माहीत होतं. डॉक्टरांनाही ते आजींसमोर उच्चारायचं नव्हतं. "खात्री करून घ्यायला," एवढंच त्या म्हणाल्या.

तर असा हा ब्रश होता. सासूबाईंचं तोंड वाचणार की नाही हे आता त्याच्यावर होतं, निदान दीप्तीच्या हिशेबात तरी. म्हणून ती अल्पेशचं डोकं खात होती.

तेवढ्यात मरोळच्या कारखान्यातून नवऱ्याचा, नितेशचा फोन आला. "दीप्ती, डोकं फिरलंय का तुझं? आईला मोबाईलचा आवाज कमी करता येत नाही. ते मशीन तिला झेपणार आहे का? साधा मऊ ब्रश घे आणि घरी या."

"तू तो चट्टा बघितलास का?"

"नाही, पण..."

"मी बघितलाय. फोन ठेव."

अल्पेशने दोन ब्रश पुढे सरकवले. एकाचं डोकं लहान, गोल आणि गरगर फिरणारं. दुसऱ्याचं साध्या ब्रशासारखं लांब, नुसतं थरथरणारं. "हिरड्या नाजूक असतील तर हा थरथरवाला घ्या, भाभी. अन् हे बघा." त्याने ब्रश सुरू करून स्वतःच्या अंगठ्याच्या नखावर दाबला. दांड्यावर लालभडक दिवा लागला. "जोर दिला की लाल. हात उचलला की बंद. मासींना काही शिकवायला नको."

जानकीबाई स्टुलावरून उठल्या. इतक्या वेळात पहिल्यांदाच त्यांनी तोंड उघडलं. "काय रे, ह्येच्यार पावडर चलात?"

"पेस्ट लावा, पावडर लावा, जे रोज लावता ते लावा मासी. फक्त दाबायचं नाही."

जानकीबाईंचा चेहरा सैल झाला. दीप्तीला हसूच आलं. कुठल्या जमान्यातलं लाल दंतमंजन आठवतंय बघा म्हातारीला, असं तिला वाटलं. तिने तो थरथरणारा ब्रश बांधायला सांगितला.

"आई, दुपार झाली, डोसा खाऊन जाऊया का?"

"माका नाय भूक. तू खा."

हे काही नवीन नव्हतं. जानकीबाईंना भूक नसायचीच. सगळ्यांची ताटं वाढून झाली की उरलंसुरलं त्या दोन घासांत संपवायच्या आणि पुन्हा कामाला लागायच्या. "आमच्या आईला भूकच लागत नाही," हे नितेश लग्नाच्या आधीपासून सांगत आला होता आणि तेही असं, की जणू आईने त्यासाठी पदक मिळवलं होतं. लग्नानंतर दीप्तीने काही दिवस आग्रह केला, मग तोही सोडून दिला. कुणाचा आहार असतोच कमी.

दुसऱ्या दिवसापासून कांजूरमार्गच्या त्या वनरूम किचनमध्ये सकाळी भुंगा शिरल्यासारखा आवाज येऊ लागला. जानकीबाई न्हाणीघरात जाऊन आतून कडी लावायच्या, आणि दीप्ती बाहेर पोळ्या लाटता लाटता कान देऊन असायची. म्हातारी मन लावून घासत होती, तक्रारीला जागा नव्हती. "लाल झालो काय गो दिवो?" असं दीप्ती विचारेपर्यंतही ती थांबत नसे, स्वतःच सांगायची, "एकदाच झालो." दीप्ती सासूच्या मालवणीत बोलायला बघायची आणि जानकीबाई तिच्या मालवणीला हसायच्या. तेवढाच काय तो हसण्याचा क्षण.

कारण रोज संध्याकाळी दीप्ती मोबाईलचा दिवा लावून ओठाच्या आत बघायची, आणि चट्टा तसाच्या तसा होता. उलट कडा थोडी लाल दिसू लागली होती. नितेशही आता बघायला यायचा, आईच्या खांद्यावरून वाकायचा आणि बाजूला व्हायचा. जेवणाच्या वेळी तिघंही एकमेकांची नजर चुकवायचे. घरात करपट वास यायचा, तेव्हा दीप्ती उठून काच ओढायची. "खाडीकडून आज पुन्हा कचऱ्याचा धूर येतोय." जानकीबाई मान खाली घालून भात वाढत राहायच्या.

मग ती सकाळ आली. नितेश नुकताच जिना उतरून गेला होता. आत भुंगा सुरू होता. एकाएकी काहीतरी धपकन आदळलं, बादली घरंगळली, आणि भुंग्याचा आवाज बदलला. तो आता फरशीवर तडतडत होता.

"आई?"

तिने लाटणं टाकून दाराकडे धाव घेतली.

"आई! कडी काढा!" दीप्तीने पिठाच्या हातांनी दार धडधडा वाजवलं. आतून नुसता ब्रशाचा तडतडाट. फरशीवर आपटत तो गोल गोल फिरत असावा. तिने खांदा लावून दार ढकललं, पण पत्र्याचं ते दार नुसतं वाजलं. आपण ते मशीन घेतलं, आपल्या हट्टाने घेतलं, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं. एका हाताने तिने नितेशला फोन लावला. "परत ये. लगेच. आई पडल्यात." दुसऱ्या हाताने ती दार बडवतच होती. "आई, ऐकू येतंय का? नुसती कडी! आई!"

बऱ्याच वेळाने कडीला हात लागल्याचा आवाज आला. ती घसरली, पुन्हा हलली, आणि दार उघडलं.

जानकीबाई भिंतीला टेकून फरशीवर बसल्या होत्या. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम, पदर गळून पडलेला. हनुवटीवरून ओघळ खाली आला होता. रक्त, असं दीप्तीला वाटलं आणि ती ओरडणारच होती. पण ते रक्त नव्हतं. ते काळं होतं. फरशीवर तडतडणाऱ्या ब्रशाचे ते पांढरे, मऊ, निवडून घेतलेले केसही काळे झाले होते. खिडकीच्या कठड्यावर पावडरची जुनी डबी उघडी पडली होती, आणि सगळ्या न्हाणीघरात तोच वास होता, ज्याच्यासाठी ती रोज संध्याकाळी खिडकी लावायची.

मशेरी. तव्यावर तंबाखू जाळून केलेली काळी भुकटी. भर दुपारी घरात कुणी नसताना भाजलेली. आणि दीप्ती बिचाऱ्या खाडीला नावं ठेवत होती.

तिने आधी ब्रश बंद केला. मग सासूबाईंना चूळ भरायला लावली, पाणी पाजलं, धरून धरून बाहेरच्या खाटेवर आणून निजवलं. हळूहळू चेहऱ्यावर रंग आला. बोटाने लावायची ती मशेरी थरथरत्या ब्रशाने उघड्या हिरडीत खोल गेली होती, आणि डोक्यात भिनली होती. धोका टळला तसा दीप्तीचा राग उसळून वर आला.

"आई, तुम्ही डॉक्टरांना नाही म्हणालात! मीसुद्धा म्हणाले. शपथेवर म्हणाले असते!"

"मी खोटा खंय बोललंय?" जानकीबाईंच्या डोळ्यांत खरोखरच आश्चर्य होतं. "तंबाखू खातात काय, असा इचारल्यान तिना. मी काय खातंय? मी लावतंय. दात घासूची ती. आणि तो दुकानवालो म्हणालो नाय, रोज लावतास ता लाव म्हणान?"

दीप्तीला हसावं की रडावं कळेना. ती खाटेच्या कडेवर बसली. खरंच तर होतं. मशेरी कुणी खात नाही. मशेरी लावतात. डॉक्टरांनी विचारलं एक, उत्तर मिळालं दुसऱ्याचंच, आणि त्या एका शब्दावर सगळ्यांनी मिळून पंधरा दिवसांतले निम्मे घालवले होते.

नितेश धापा टाकत वर आला. काय झालं ते दीप्तीने सांगितलं, आणि आई जिवंत, बोलती बघितल्यावर त्याचाही भडका उडाला. "आई, लाज वाटत नाही? ह्या वयात? वाट लावून घेतलीस तोंडाची! कधीपासून चाललंय हे?"

"तू अंगावर पित होतंस, तेवापासून."

"कशाला पण? कुणी शिकवलं?"

जानकीबाईंनी त्याच्याकडे बघितलं नाही. त्या पदराच्या टोकाला गाठ मारत राहिल्या. "तुझ्या बापाशीची गिरण बंद. संप. तुझो थोरलो भाव राजेश भाताक रडी, तू दुधाक. टोपात जा काय असा, ता तुमका होया होता. मग शेजारची म्हणाली, सकाळी उठान ही लाव, दिवसभर भूक मरता." गाठ सोडून त्यांनी पुन्हा मारली. "मरता ती. खरीच मरता. मगे सवयच लागली."

नितेश उभा होता तो तसाच उभा राहिला. आपण सगळ्या जगाला काय सांगत आलो, ते त्याला आठवत असावं. दीप्तीला त्याची दया आली, आणि स्वतःची शरम वाटली. इतकी वर्षं एकाच स्वयंपाकघरात वावरून आपणही विचारलं नव्हतं, की माणसाला भूक लागत नाही म्हणजे काय.

त्याच दिवशी तिघं डॉक्टर मृणालिनींकडे गेले. डॉक्टर चिडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, चूक माझीही आहे, मी प्रश्न शहरी विचारला. पण पुढचं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मशेरी आजपासून बंद, चिमूटभरही नाही. बंद केली तर चट्टा उतरायची आशा आहे. चालू ठेवली तर ब्रश सोन्याचा आणलात तरी काही उपयोग नाही.

ते दिवस वाईट गेले. जानकीबाईंचं डोकं ठणकायचं, हात थरथरायचे, भांडी आपटली जायची. "माका मारूक आणलास काय गो हो ब्रश?" असंही त्या एकदा दीप्तीला बोलल्या, आणि ती मोरीपाशी जाऊन रडून आली. एका दुपारी तर त्यांनी चपला घातल्या. खालच्या मजल्यावरच्या कमळकडे मशेरीचा डबा असतो, हे दोघींनाही माहीत होतं. दीप्ती दाराशी गेली नाही की तिने अडवलं नाही. ती नुसती ओट्याशी उभी राहिली. जानकीबाई उंबऱ्यावर थांबल्या, जीभ ओठाच्या आत फिरवली, आणि मग चपला काढून, भिंतीला धरून आत आल्या.

चट्टा उतरेल की नाही ते अजून कळायचं होतं. कडेची लाली कमी झाल्यासारखी वाटत होती. पण वाटण्याला काय अर्थ.

रविवारी नितेश जेवायला बसला होता. दीप्तीने त्याच्या ताटात बांगड्याची आमटी आणि भात वाढला. जानकीबाई नेहमीसारख्या भिंतीला टेकून, सगळ्यांचं होईपर्यंत थांबायच्या तयारीने बसल्या होत्या. आमटीचा वास त्यांच्यापर्यंत गेला. त्यांनी पोटावर हात ठेवला. चेहऱ्यावर असा भाव आला, जणू आत कुणी अनोळखी माणूस येऊन बसला होता.

"दीप्ती," त्या हळूच म्हणाल्या, चोरी कबूल करावी तशा आवाजात. "माका भूक लागली गो."

नितेशने तोंडाकडे नेलेला घास खाली ठेवला नाही. तो त्याने घाईघाईने गिळला, हात धुतला, न उष्टावलेला भात अलगद नीट केला आणि ताट उचलून आईपुढे ठेवलं.

जानकीबाईंनी ताटाकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"आणि तू काय खातलस?"

"तू आधी जेव," नितेश म्हणाला. "टोपात भरपूर आहे."