तिसरं पाणी

सासऱ्यांचा एकच कायदा होता: शिंपल्याला तीन पाणी. तळ्यातून काढला, घमेल्यात घातला, रोज एकदा पाणी बदललं, की चौथ्या दिवशी पोटातली वाळू, चिखल सगळं ओकून मोकळा. पन्नास वर्षं त्यांनी शिंपले विकले आणि प्रत्येक खेपेतला पहिला स्वतः खाल्ला, गिऱ्हाइकासमोर. सगळी गल्ली त्यांचंच बघून शिकली.

यंदा तळ्यावर हिरवी साय धरली. पाणी तपासणाऱ्या बाई आल्या, बाटल्या भरून घेतल्या आणि काठावर पाटी ठोकली: शिंपले काढू नयेत.

"शेवाळाचं विष यांच्या मांसात मुरतं, आजोबा. उकळूनही जात नाही."

"तीन पाणी दिली की सगळं जातं," सासरे म्हणाले. "तुमच्या वयाहून माझं घमेलं जुनं आहे, बाई!"

गल्ली हसली. सूनही हसली.

पाटी वाचून बाकीचे थांबले, सासरे कसले थांबतात! सुनेने तीन दिवस, ठरल्या वेळी, न चुकता पाणी बदललं. चौथ्या दिवशी म्हातारा अंगणात बसला आणि एक नाही, ताटभर खाल्ले. पाचव्या दिवशी पुन्हा ताटभर. हट्टाला औषध नसतं.

मग उलट्या सुरू झाल्या. आठवड्यात डोळे हळदीसारखे पिवळे. डॉक्टरांनी सुनेला बाजूला घेऊन सांगितलं, यकृत गेलंय, हाती काही नाही.

ती दवाखान्यातल्या खाटेशी आली तर म्हाताऱ्याने तिचं मनगट धरलं. "सूनबाई, खरं सांग. पाणी किती दिली होतीस?"

मरणाला ते भीत नव्हते. आपण जन्मभर लोकांना चुकीचं शिकवलं की काय, या एका विचाराने त्यांचा जीव अडकला होता. तिला ते बघवेना.

"दोनच, बाबा," ती म्हणाली. "तिसऱ्याचा कंटाळा केला."

म्हाताऱ्याचा चेहरा सैल झाला. "तरीच! आळशी कुठली." मग तिचा हात थोपटत म्हणाले, "मनाला लावून घेऊ नकोस. होतं माणसाकडून." कित्येक दिवसांनी त्यांना शांत झोप लागली.

पायथ्याशी त्यांची बहीण, आत्या, बसली होती. तिने सुनेकडे जळजळीत पाहिलं, पिशवी उचलली आणि तडक घरी गेली. जाऊ दे, सुनेला वाटलं, शिव्या आपल्यालाच पडतील. आत्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे तिला तेव्हा आठवायला हवं होतं.

चार दिवसांनी म्हातारा गेला. कुणी वर मान करून बघणार नाही, कुणी बोलणार नाही, याची तयारी ठेवूनच ती गल्लीत शिरली. पण दारोदारी घमेली मांडलेली होती. काही रिकामी. अंगणात शिंपल्यांची ताटं घेऊन बायका, म्हातारे, पोरं बसलेली.

"आम्ही मोजून तीन दिली," आत्या म्हणाली. "आमच्यात कामचुकार कुणी नाही."

"आत्या, खाऊ नका! मी खोटं बोलले. तीनच दिली होती मी, तीनच!"

"मेलेल्या माणसावर ढकलतेस आता?"

ती रडली, हातापाया पडली, एकीचं ताट उलथवलंही. दोघींनी तिला धरून बाजूला केलं.

मग आत्याने भावाची रीत म्हणून पहिला शिंपला उघडला आणि सगळ्यांसमोर खाल्ला.