अक्सायचं दाट रक्त

दुपारची, डोंगरातल्या नरीनची गाडी पकडायची म्हणून तोकतोसून आजोबा कोट चढवून रुग्णालयाच्या बाकावर बसले होते. सकाळीच आमच्या शल्यविशारद असिलकान एजेंनी, म्हणजे असिलकानताईंनी, निर्णय दिला होता: त्यांच्या मानेतली डावी धमनी पूर्ण बंद. बंद धमनीला त्या हात लावत नाहीत. फट उरली असेल तरच शस्त्रक्रिया. मागच्या महिन्यात आजोबांचा उजवा हात तासभर लुळा पडला होता. फट असेल, तर पुढच्या झटक्याची गुठळी तिच्यातूनच मेंदूत जाणार होती.

माझं काम संगणकावर रक्त वाहवण्याचं. धमनीच्या आकारातून रक्त सोडायचं आणि एमआरआयला ते कसं दिसेल ते काढायचं. केसाएवढी फट ठेवली, तेव्हा माझ्या पडद्यावर पांढरी रेघ उमटली होती. आजोबांच्या चित्रात तिथे नुसता काळोख. म्हणजे ‘बंद’ला माझाही दुजोरा होता.

निरोप घेताना आजोबांनी माझ्या हातावर कुरुतचा, वाळवलेल्या दह्याचा, खारट गोळा ठेवला. त्यांची नखं जांभळी होती.

"वर थंडी फार का?"

"थंडीचं काय घेऊन बसलीस. हवाच नाही. नरीनच्याही वर, आमच्या अक्सायला गाढवसुद्धा दोनदा थांबून ओरडतं."

मी तशीच संगणकाकडे धावले. विरळ हवेत राहणाऱ्याचं रक्त दाट होतं, आणि मी सोडलं होतं ते सखल मुलखातल्या माणसाचं. आजोबांच्या रक्ततपासणीतला दाटपणा घातला. फट तीच, रक्त मात्र रांगायला लागलं. आमचं यंत्र वेगाने येणारं रक्तच पांढरं दाखवतं. रेघ विझली.

"एजे, बंदच आहे असं म्हणता येत नाही."

"उघडी आहे असं म्हणता येतं?"

"नाही."

"मग मान कापू कशाच्या जोरावर, मीरिम? तुझ्या खेळाच्या?"

"यंत्र अगदी मंद वेगावर लावून पुन्हा बघू या. फट असेल तर दिसेल."

"आणि नसली तर? म्हाताऱ्याला अक्सायला तू सोडणार?"

"सोडीन."

आजोबांनी कुरकुरत कोट काढला.

चित्रं एकेक करून येऊ लागली. काळं. काळं. पुन्हा काळं. एजे घड्याळाकडे बघत होत्या. मग एक करडा ठिपका आला, पुढच्या चित्रातही तिथेच, त्याच्या पुढच्यातही. एजेंनी पडद्यावर बोट टेकवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

यंत्राच्या आतून आजोबांचा आवाज आला, "गाडी गेली का गं?"

एजेंनी मायक्रोफोन जवळ ओढला.

"गेली. जाऊ दे तिला."